जांभळा पडदा उतरला!

पडद्याचं कापड निवडायला नजर लागते, आणि ती देवाने मला भरभरून दिली आहे! म्हणून मी बायकोला ठणकावलं, "नेरिस, दर्शनी खिडकीला गर्द जांभळंच शोभेल!"

"अंधारकोठडी दिसेल ती! मला पिवळं हवंय, फुलाफुलांचं."

शेवटी तह झाला. घड्या पडत वर जाणारा जांभळा पडदा मी टांगायचा. बाजारातून आल्यावर तिला आवडला तर ठीक, नाहीतर घरभर पिवळा!

पडदा टांगला. दोरी जरा सैल सोडली, तर सळसळत खाली आला आणि रुसून बसला. वर जाईचना! मी पक्कड शोधायला मागच्या खोपटात गेलो.

एकच गोष्ट विसरलो. आमच्या वेल्सच्या गल्लीत भरदिवसा दर्शनी पडदा उतरला, की त्या घरात कुणीतरी गेलं असं समजतात!

परत येतो तो बैठक गच्च! टेबलावर शेजाऱ्यांनी दुखवट्याला आणलेलं हॅम, मनुकांचा केक. शेजारच्या मायरमावशींनी मला मिठीच मारली. "शांतपणे गेले ना?"

"कोण?"

"बघा, बिचाऱ्याला भानच नाही!"

मी खुलासा करणार, तोच आमच्या चॅपेलच्या पाद्रीबुवांनी सूर लावला. आमच्याकडे पाद्री रंगले, की प्रवचनाचं आपोआप गाणं होतं. त्या गाण्यासाठी मी भर थंडीत डोंगर ओलांडले आहेत. ते मध्येच तोडू? मला नाही बुवा ते पाप जमत!

"आपला एम्लिन! दानशूर! प्रेमळ!"

एम्लिन म्हणजे माझे सासरे. ते वरच्या खोलीत घोरताहेत, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण सूर असा काही चढला, की मी ढसाढसा रडलो! मला रडताना पाहून उरलेसुरलेही रडले.

एवढ्यात दार धाडकन उघडलं. रस्त्यावरून पडदा पाहून धावत आलेली नेरिस, पांढरीफटक! "बाबा! माझे बाबा!"

"काय गं?" जिन्यावरून आवाज आला. पायजम्यात सासरे! "कोण गेलं? आणि हॅम कुणी कापलंय का?"

पाद्रीबुवांचा आ तसाच राहिला.

"थांबलात का?" सासरे खुर्ची ओढत म्हणाले. "त्या 'दानशूर'पासून परत घ्या. तेव्हा मी झोपेत होतो."

नेरिसने डोळे पुसले. आधी वडिलांना घट्ट धरलं, मग पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मुकाट्याने पक्कड खिशात घातली.

आता घरभर पिवळी फुलं आहेत. फक्त दर शनिवारी सासरे माझ्या कानाशी येतात. "जावईबापू, तो जांभळा टाकून नाही ना दिलात? केक संपलाय."