पत्ता उलटा लिहिणारे दत्तोबा

आमचे दत्तोबा परदेशी पत्राचा पत्ता खालून वर लिहीत आणि नाव लिहिण्याआधी पायातल्या चपला काढीत.

मंगळवार पेठेतला हा एकटा जीव सदाशिव. फौंड्रीतून परदेशी जाणाऱ्या खोक्यांवर पत्ते रंगवण्यात उमेदीची सारी वर्षं गेली. त्यामुळे ज्याचं पोरगं परदेशी, तो हवाई टपालाचा निळा एरोग्राम घेऊन यांच्याच कट्ट्यावर. आधी देश, त्याच्यावर गाव, मग रस्ता, घराचा नंबर आणि सगळ्यात वर नाव.

मी भूगोलाचा मास्तर; उलटं काही दिसलं की माझं डोकं फिरतं. "दत्तोबा, सगळं जग वरून खाली लिहितं!"

"आधी देश गाठाय नगं? का थेट मानसाच्या उरावर बसायचं? आन् दुसऱ्याच्या घरात चपला घालून जाताय व्हय, मास्तर?"

इथवर हसण्यावारी नेलं. पण विलायतेचा पत्ता असला की ते ऐन वैशाखातही मफलर गुंडाळत. एकदा लिहून झाल्यावर त्या मफलरचं टोक मी पिळलं, तर बर्फासारखं गार पाणी निघालं. बाहेर डांबर वितळत होतं. मला ते मुळीच आवडलं नाही.

शेजारच्या इंदूवहिनींचा सुरेश विलायतेत शिकायला होता. संक्रांत झाली तरी दिवाळीपासून त्याचं पत्र नाही. वहिनी रडतच आल्या. दत्तोबांनी घराच्या नंबरापर्यंत लिहिलं, चपला काढल्या आणि डोळे मिटून थांबले. त्यांची बोटं गारठून निळी पडली.

"काय झालं हो?" वहिनींनी विचारलं.

"हाय की पोरगं. तापानं फणफणलंय. जवळ कोन न्हाई."

"अहो, बाईमाणसाला घाबरवता काय?" मी ओरडलो. किती तरी वेळाने त्यांनी नाव लिहिलं.

महिन्याभराने सुरेशचं पत्र आलं. न्यूमोनिया झाला होता, आता बरा होता. तापाच्या भरात त्याला वाटलं, दारात कुणी तरी अनवाणी उभं आहे आणि दरडावतंय, "ऊठ की लेका! शेजाऱ्याला हाक मार!" तो उठला, म्हणून वाचला.

वहिनी देवापुढे साखर ठेवायला गेल्या. मी पत्र घेऊन दत्तोबांकडे गेलो. ते वाचून दाखवलं.

"ब्येस झालं," ते म्हणाले. मग जरा चाचरत विचारलं, "मला बस म्हनला का त्यो? इतकी घरं हिंडलो मास्तर, आजून कुनी बस म्हटलं न्हाई."

पत्रात तसलं काहीच नव्हतं.

"म्हणाला की! चहासुद्धा विचारला," मी ठोकून दिलं.

दत्तोबांचा चेहरा उजळला. "मीच नगं म्हटलं आसंल," ते म्हणाले. "आजारी पोराला कशाला तरास?"