वाटेन येवा

आमच्या शेजारच्या भिकाजीभाऊंकडे उद्या साक्षात लक्ष्मी आली आणि ती जर गडग्यावरून आली, तर भाऊ तिलाही परत पाठवतील.

आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा आहे. त्याचे वरचे चिरे केव्हाच पडलेत. तिथून पाय टाकला की दहा पावलांत भाऊंची पडवी. पण नाही! बांगड्याचं गरम तिखलं घेऊन मी पलीकडे उतरते न उतरते, तोच भाऊ हात वर करतात. "बाईनू, गडग्यावरसून नको. वाटेन येवा." वाटेनं म्हणजे आधी रस्त्यावर, मग त्यांच्या फाटकातून आत, उघड्या उन्हातून दीडशे पावलं. माझे गुडघे बासष्ट वर्षांचे. तिखलं निवतं आणि मी तापते.

संध्याकाळी सगळं गाव बंदराकडे फिरायला जातं. भाऊ त्याच दीडशे पावलांवर वीस फेऱ्या मारतात. डॉक्टरांनी साखरेसाठी सांगितलंय म्हणे.

भाऊ पोस्टमन होते. निवृत्त झाल्यावर लेक नंदानं पुण्याहून आपला जुना लॅपटॉप आणून दिला आणि एक काम शिकवलं. जगात कुठं वादळ, पूर, भूकंप झाला की हजारो माणसं घरबसल्या उपग्रहाचे फोटो बघून नकाशावर घरं आणि वाटा आखतात. त्या नकाशावरून मदतीची माणसं पोचतात. भाऊंना या कामाचं वेडच लागलं. सकाळी आंघोळ, पूजा, पेज, आणि मग "बीटवर जातंय" म्हणून लॅपटॉपसमोर. खांद्याला पोस्टाची पिशवी अडकवायची तेवढी राहिली.

सुरुवातीला घोळही घातले. कुठल्याशा किनाऱ्यावरची तीस घरं त्यांनी सोडूनच दिली. का, तर "ह्ये होड्ये आसत, पावसाक झाकून ठेवलेत." ती चांगली नांदती घरं निघाली. मी पोट धरून हसले, पण भाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. "तीस घरांची डाक परत इली, बाईनू," एवढंच म्हणाले, आणि बसून तीसच्या तीस आखली.

गेल्या महिन्यात दूरच्या एका बेटाला वादळानं झोडपलं. पाणी आणि धान्य घेऊन होड्या निघायच्या होत्या. एका ठिकाणी फोटोत नुसती झाडी, पण एक बारीक वाट त्या झाडीत शिरत होती. भाऊंनी वाटेच्या टोकाला घर आखलं. काम तपासणारी कोणी परदेशी मुलगी आहे, भाऊ तिला साहेबीण म्हणतात. तिनं कळवलं, छप्पर दिसत नाही, घर पुसते.

भाऊ लॅपटॉप काखेत मारून माझ्याकडे आले. वाटेनं, अर्थात. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायची.

"बाईनू, लिवा. वाट उगाच खंय जाणा नाय."

"भाऊ, इंग्रजीत असं म्हणत नाहीत."

"मगे आता म्हणांदेत!"

"अहो, पण तिला छप्पर दिसत नाही ना?"

"माझा तरी दिसता काय वरसून? माडांखाली झाकलला. ह्या घर पुसलां तर होडी थंय जावची नाय. आत कोण आसला तर पाण्याशिवाय मरात."

मी लिहिलं. साहेबिणीनं घर राहू दिलं.

तिसऱ्या दिवशी तिचं पत्र आलं, ते त्यांच्या पडवीत मीच वाचून दाखवलं. माणसं त्या वाटेनं गेली होती. झाडीत घर होतं, छप्पर उडालेलं. आत एक म्हातारी, एकटी. जिवंत!

मला तर नाचावंसं वाटलं. भाऊंनी एवढंच विचारलं,

"एकटीच?"

"हो."

"मगे ती वाट तिनाच ठेवल्यान असतली. येवन-जावन."

मला काही कळेना. भाऊ फाटकाकडे बघत राहिले.

"इतकी वर्सां डाक वाटलंय, बाईनू. घरातली माणसां कमी झाली की पयली वाट मोडता. कौलां मागसून पडतत. आमची ही गेली, नंदा पुण्याक. आता माझ्या वाटेर कोण? एक तुमी, ता पण गडग्यावरसून! एका पावसात तण येतला. मगे वरसून बघणाऱ्याक वाटतला, हय कोणच नाय."

आणि मी मेली आजवर त्या वीस फेऱ्या साखरेच्या समजत होते! माझे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिखलं घेऊन निघाले. सवयीनं गडग्यापाशी गेले, थांबले, मागे वळले. रस्त्यावरून त्यांच्या फाटकातून आत शिरले. भाऊ पडवीत उभे होते. हात वर केला नाही.

"येवा," म्हणाले.

तिखलं पार निवलं होतं. परत जाताना गुडघे कुरकुरत होते, तरी वाटेनंच गेले, आणि पाय जरा घासत घासत टाकले.