दहा खुर्च्या, एक बेरोजगार

पाहणीच्या दिवशी सकाळी ताई चहा गाळत होती, तेवढ्यात फोन आला आणि तिच्या शेवटच्या बेरोजगारालाही नोकरी लागली.

“ताई, अभिनंदन करा! लागली!”

“काय लागली?” ताईनं विचारलं. खरं तर तिला कळलं होतं. पण काही बातम्या माणूस दोनदा ऐकतो. पहिल्यांदा ऐकलेली खोटी निघेल अशी आशा असते.

“नोकरी! आजपासूनच या म्हणाले.”

“अरे, उद्यापासून नाही का चालणार?”

हे बोलून गेल्यावर ताईनं स्वतःच्या कपाळावर हात मारला. त्या हातात गाळणी होती.

ताई बेरोजगारांसाठी एक केंद्र चालवायची. लॉन्ड्रीच्या वरची एक खोली, दहा प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक टेबल, एवढाच पसारा. अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीत हातांचं काय करायचं, “स्वतःबद्दल सांगा” म्हटल्यावर जन्मापासून सुरुवात का करायची नाही, हे सगळं ती फुकट शिकवायची. खालच्या वाफेमुळे खोलीत सगळ्यांनाच घाम फुटायचा, त्यामुळे खऱ्या मुलाखतीत फुटणाऱ्या घामाचीही आपोआप सवय व्हायची. तिथला एक नियम ती कुणालाही मोडू देत नसे. खोलीत जो येईल त्यानं टेबलापुढच्या खुर्चीत बसून एकदा मुलाखत द्यायचीच. पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसानंही दिली होती. ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?’ या प्रश्नावर तो शिडीकडे बघून गप्प झाला आणि पुढे कितीतरी दिवस गप्पच होता म्हणतात.

केंद्रात कोणी टिकत नसे. शिकायचे, नोकरी लागायची, जायचे. टिकला होता तो एकच. त्याला सगळे ‘परमनंट’ म्हणत. तो इतक्या मुलाखतींना जाऊन आला होता की काही ऑफिसांत पाणी देणारे त्याला नावानं ओळखायचे. सकाळचा फोन त्याचाच होता.

एरवी ताई आनंदानं नाचली असती. पण लॉन्ड्रीच्या मालकाला धंदा वाढवायचा होता आणि महिनाअखेरीला खोली रिकामी करून हवी होती. “भाडं वेळेवर द्या नाहीतर खोली द्या, मी काय, दोन्हीला तयार आहे,” असं तो अगदी मोकळ्या मनानं म्हणाला होता. म्हणून ताई महिनाभर कंपन्यांचे उंबरे झिजवत होती. शेवटी एका गादी कंपनीनं तिला आत घेतलं.

तिथला समाजकार्याचा अधिकारी तिच्याशी फार गोड बोलला. पाहुण्यांना बसायला कंपनीचाच सोफा होता. ताई त्यात बसली आणि खाली खाली जातच राहिली. शेवटी गुडघे हनुवटीला लागले तेव्हा तिनं त्याच अवस्थेत मुद्दे मांडायला सुरुवात केली.

“तुम्ही एका जागेसाठी जाहिरात दिली की ढीगभर अर्ज येतात, बरोबर? त्यातली चांगली माणसं केवळ बोलता येत नाही म्हणून परत जातात. तुमचं नुकसान आणि त्यांचंही. थोडी मदत केलीत तर तयार माणूस तुमच्या दारात येईल.”

“मुद्दा छान आहे,” सोफ्याच्या वरून अधिकारी म्हणाला. “पण आम्ही झाडं लावतो.”

“झाडांना नोकरी नको असते.”

“तेच तर. झाड फोटोत सरळ उभं राहतं. बेरोजगार माणूस फोटोत कसातरीच दिसतो हो. हसला तर लोक म्हणतात, याला कशाला मदत? नाही हसला तर कंपनीची बदनामी.”

ताईनं तरीही हार मानली नाही. मानायची ठरवली असती तरी सोफ्यातून उठता आलं नसतं. अखेर अधिकाऱ्यानं ठरवलं, मोठे साहेब स्वतः पाहणीला येतील. अट एकच. त्या वेळी किमान दहा बेरोजगार जागेवर हजर पाहिजेत. खरेखुरे.

तेव्हा ताईकडे दहापेक्षा जास्तच होते. पाहणीत चांगली छाप पडावी म्हणून ती त्यांच्यावर दुप्पट मेहनत घेऊ लागली आणि तिथेच घोळ झाला. एकेक जण पटापट नोकरीला लागू लागला.

“थोडं वाईट शिकव,” नवऱ्यानं सुचवलं.

“म्हणजे काय करू?”

“मुलाखतीला बनियनवर जा म्हणून सांग.”

ताईनं असं कुणालाच काही सांगितलं नाही. पण ‘निदान पाहणीपर्यंत तरी थांबा रे’ असं तिच्या मनात आलं, आणि असं मनात आलं म्हणून दोन दिवस तिचं स्वतःशीच भांडण चाललं. त्या दोन दिवसांत आणखी तिघांना नोकरी लागली.

“पण तुला घेतलं कुणी?” ताईनं आता फोनवर परमनंटला विचारलं.

“तुमच्या खालच्या लॉन्ड्रीनं.”

“अरे वा! काम काय?”

“इस्त्री. म्हणजे मालक वर टेबलं टाकणार आहेत ना, तिथे.”

“वर कुठे?”

“तुमच्या खोलीत,” परमनंट हळूच म्हणाला. “तुम्हीच शिकवलंत ना ताई, संधी दिसली की कचरायचं नाही.”

ताईनं फोन ठेवला आणि लगेच अधिकाऱ्याला लावला. लपवाछपवी तिला जमत नसे.

“सर, जरा अडचण आहे. सगळ्यांना नोकऱ्या लागल्या.”

“अरेरे,” अधिकारी म्हणाला. “मग मदत कुणाला करायची?”

“पुढच्यांना.”

“पुढचे कुठे आहेत?”

“ते अजून बेरोजगार व्हायचेत.”

“मॅडम, न झालेल्या बेरोजगारांना मदत करणं आमच्या नियमात बसत नाही.”

“अहो, पण सगळ्यांना नोकऱ्या लागल्या म्हणजे काम चांगलं चाललंय ना!”

“तसं असेलही. पण तसा रकाना नाही. आणि मोठे साहेब गाडीत बसलेत. निघालोच आम्ही.”

नवऱ्याला त्या दिवशी सुट्टी होती. “थांब, मी आणतो माणसं,” म्हणून तो चपला घालून बाहेर पडला आणि कोपऱ्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला नम्रपणे विचारू लागला, “माफ करा, आपण बेरोजगार आहात का?”

पहिल्यानं विचारलं, “तोंडावर लिहिलंय का माझ्या?” दुसऱ्यानं मागे वळून बायकोला विचारलं, “तू सांगितलंस का याला?” तिसऱ्याला मात्र भरून आलं. इतक्या महिन्यांत कुणी चौकशी केली नव्हती, म्हणाला. पण तो नेमका मुलाखतीला निघाला होता. त्याची मुलाखत चांगली व्हावी म्हणून नवऱ्यानं त्याला वाटेत चार सूचना दिल्या, म्हणजे तोही गेलाच. चौथ्यानं नवऱ्याचीच कॉलर धरली.

नवरा चुरगळलेल्या कॉलरनं घरी परतला तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. सासूबाईंनी उभा जन्म वीज खात्याच्या भांडारात काढला होता. एका बोल्टसाठी मोठमोठे इंजिनिअर त्यांच्या खिडकीसमोर हात जोडून उभे राहत. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराचंच भांडार केलं. जुन्या साबणाचा तुकडा दाखवल्याशिवाय घरात कुणाला नवा साबण मिळत नसे.

“आई,” नवरा म्हणाला, “तुला नोकरी आहे का?”

“नाही.”

“म्हणजे तू बेरोजगार आहेस.”

“मी निवृत्त आहे. शब्द जपून वापर.”

“आई, खोटं काही करायचं नाही,” ताई घाईनं मध्ये पडली. “तुम्हाला खरंच काम करावंसं वाटत असेल तरच चला. मिळालं तर कराल?”

सासूबाई पदर सारखा करत म्हणाल्या, “मला कुणी विचारलंय का आजवर?”

अशा रीतीनं गादी कंपनीची गाडी लॉन्ड्रीसमोर थांबली तेव्हा वरच्या खोलीत दहा खुर्च्या मांडलेल्या होत्या, आणि पहिल्याच खुर्चीत मांडीवर पर्स घेऊन, पाठ ताठ करून एकच बेरोजगार बसला होता. त्याचं वय अडुसष्ट होतं.

मोठे साहेब जिना चढून धापा टाकत आत आले. त्यांनी खुर्च्या पाहिल्या, सासूबाई पाहिल्या, पुन्हा खुर्च्या पाहिल्या.

“बाकीचे?”

“नोकरीवर गेले,” ताई म्हणाली.

“साहेब, मी म्हणालोच होतो,” अधिकारी कुजबुजला. कुजबूज सगळ्यांना ऐकू आली. “झाडं. झाडं कुठे जात नाहीत.”

साहेब परत वळणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “इथे आलेला माणूस मुलाखत झाल्याशिवाय जात नाही. या खोलीचा नियम आहे.”

“हो हो, विचारतो की,” अधिकारी टेबलामागे बसत म्हणाला. “आजी, तुम्हाला नोकरी का हवी?”

“घरात दिवसभर मुलगा असतो. कॉम्प्युटरवर काम करतो. आणि आजी नका म्हणू, मुलाखत आहे ही.”

“बरं. तुमचा... काय म्हणतात... अनुभव?”

“बत्तीस वर्षं भांडार. तुमचा?”

अधिकारी गडबडला. “माझा? मी समाजकार्य बघतो.”

“म्हणजे काय बघता?”

“झाडं लावतो. गेल्या वर्षी टेकडीभर लावली.”

“जगली किती?”

“लावल्याचा अहवाल आहे ना आमच्याकडे. फोटोंसकट.”

“मी लावली किती विचारलं नाही. जगली किती?”

“ते... म्हणजे... जगण्याचं दुसऱ्या विभागाकडे असतं.”

“कुठल्या?”

अधिकाऱ्यानं साहेबांकडे पाहिलं. साहेब एका खुर्चीत बसले होते आणि पुढे झुकून ऐकत होते. “हं. कुठल्या?” त्यांनीही विचारलं.

“तसा विभाग नाहीये,” अधिकारी म्हणाला. खालून वाफ येत होती, पण त्याच्या कपाळावर आलेला घाम वाफेचा नव्हता.

“आई, पुरे,” ताईनं दबक्या आवाजात म्हटलं. तिला महिनाअखेर डोळ्यांसमोर दिसत होती. खोलीत ओळीनं इस्त्रीची टेबलं आणि पहिल्या टेबलाशी परमनंट.

पण सासूबाई आता खिडकीत बसल्या होत्या. भांडाराच्या. “हे बघा,” त्या साहेबांकडे वळून म्हणाल्या, “माल दिला म्हणजे काम झालं असं नसतं. पोचला का, लागला का, हे बघावं लागतं. तुमच्या या माणसानं टेकडीवर माल उतरवला आणि फोटो काढून घरी गेला. आता इथे बघा. या खुर्च्यांवर माणसं होती. आज नाहीत. का नाहीत? लागली कामाला. अहो, माल पोचला! आणि तुम्ही विचारताय, गोदाम रिकामं का?”

खाली इस्त्री तेवढी फुसफुसली.

“तुम्हाला काही विचारायचंय का?” सासूबाईंनी अधिकाऱ्याला विचारलं. त्यानं मान हलवली. “ठीक आहे. कळवू,” त्या म्हणाल्या.

मोठे साहेब उठले. “मॅडम,” ते ताईला म्हणाले, “मदत मंजूर. वर्षभराची.”

ताई एक पाऊल पुढे आली. “थँक्यू, साहेब. खरंच...”

“फक्त एक आहे. पैसे कुठे जातात ते बघायला माणूस हवा. कडक. माझ्याकडे तसा नव्हता.” साहेबांनी सासूबाईंकडे पाहून हात जोडले. “सोमवारपासून याल?”

“गाडी पाठवा,” सासूबाई म्हणाल्या. “माझे गुडघे दुखतात.”

संध्याकाळी परमनंट जिना चढून वर आला आणि शेवटच्या खुर्चीत बसला. “गेली, ताई,” तो म्हणाला. “तुमची खोली राहिली म्हणून टेबलं यायची नाहीत, आणि टेबलं नाहीत म्हणून मी नाही. अर्धा दिवस केली. चांगली होती.” ताईनं त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, “चल, ‘स्वतःबद्दल सांगा’ करू या.”

मग सासूबाईंच्या नव्या कामाला सुरुवात झाली. ताईनं घरी सहज म्हटलं, “आई, परवा मदतीचा आढावा आहे ना, तर मी काय म्हणते...”

“घरी ऑफिसचं बोलायचं नाही,” सासूबाई म्हणाल्या. “वेळ घेऊन या.”

वेळ मागायला ताईनं ऑफिसात फोन केला. सासूबाईंनीच उचलला, थांबायला सांगितलं आणि बऱ्याच वेळानं वेळ दिली.

आढाव्याच्या दिवशी दोघी एकाच दारातून बाहेर पडल्या. ताई फायली छातीशी धरून बस स्टॉपवर येऊन उभी राहिली. बसचा पत्ता नव्हता. ऊन चढत होतं. इतक्यात कंपनीची गाडी समोरून आली. मागच्या सीटवर सासूबाई चष्मा लावून कागद चाळत होत्या. ताईनं हात केला. सासूबाईंनी मान वर केली, तिला ओळखलं, अगदी प्रेमानं हसल्या, आणि गाडी पुढे निघून गेली.

ताई ऑफिसात पोचली तेव्हा घामानं भिजली होती.

“उशीर झाला, मॅडम,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, अहो, गाडीत जागा होती ना!”

“जागा होती गं,” सासूबाई आवाज खाली आणत म्हणाल्या. “पण आपण ज्यांना पैसे देतो त्यांना आपल्याच गाडीतून फिरवायचं म्हणजे लोक काय म्हणतील? उद्या म्हणतील, नात्यातली आहे म्हणून मदत मिळाली.”