तुळशीरामभाऊंचा कानडी सिनेमा

आमच्या शेजारचे तुळशीरामभाऊ रोज जेवणानंतर मोबाईलवर कानडी सिनेमा बघतात. भाऊंना कानडीचं एक अक्षर कळत नाही. तेलुगू असतं तर मी समजलो असतो, सिरोंच्याकडं ती बोलतात. पण कानडी? चामोर्शीत बसून? मराठी, हिंदी लावा म्हटलं की तोंड वाकडं करतात. "त्याच्यात का मजा हाये, मास्तर? सारंच समजून जाते."

सिनेमा संपला की मोबाईल मधे ठेवून नवराबायकोचं हातवारे करून भांडण चालतं, ते आम्हाला खिडकीतून फुकट दिसतं.

आणि हा माणूस कोण, तर अर्धं आयुष्य झाडीपट्टीच्या नाटकांत नायक झालेला. तिथं प्रेमाची कबुलीसुद्धा मागच्या बैलगाडीत बसलेल्याला ऐकू गेली पाहिजे. भाऊ 'प्रिये' म्हणाले की गावातली कुत्री भुंकत. मग तापात त्यांच्या बायकोचे, पंचफुलाबाईंचे, कान कायमचे गेले. बाईंनी नाटकाला येणंच सोडलं. मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या गावजत्रेला, घर पाहुण्यांनी भरायचं, सगळे नाटकाला निघायचे, आणि त्या अंगणात एकट्या बसून राहायच्या. पुढं भाऊंनीही काम सोडलं. आवाज बसला म्हणून सांगतात. साफ खोटं. अंगणात बकरी शिरली की तो बसलेला आवाज आम्ही ऐकतो.

गेल्या मंडईच्या आधी भाऊंना लहर आली. एका कानडी प्रेमपटावरून झाडीबोलीत सिनेमा काढायचा आणि मंडईत पडद्यावर दाखवायचा. मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून संवाद माझ्याकडे आले.

"गोष्ट काय आहे?"

"पोट्टा, पोट्टी, भांडन. तो निंघून जाते."

"भांडण कशावरून?"

"मले का मालूम? कानडीत हाये!"

मी जीव ओतून संवाद लिहिले. भाऊंनी एकेक करून सगळे काढून टाकले. मूळच्या समुद्राचा गावतलाव झाला, नायकाच्या मोटारीचा ट्रॅक्टर झाला. नटमंडळी नाटकातली, 'इकडे बघ' म्हणायच्या आधी त्यांची छाती फुगायची. भाऊ ओरडत, "तोंड बंद! हातानं सांग, डोळ्यानं सांग!" नायिकेनं विचारलं, "मंग लोक काऊन पाहातीन, भाऊ?" भाऊंनी त्याचं उत्तरही हातानंच दिलं. असला मूर्खपणा मी जन्मात पाहिला नाही.

मंडईच्या दिवशी दिवेलागणीला पडदा लागला. भाऊंनी बाईंना हाताला धरून आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. थोड्याच वेळात मागून आरडाओरडा सुरू झाला, "आवाज वाढवा बे!" मशीनवाल्यानं वाढवला, तर ट्रॅक्टर तेवढा मोठ्यानं ऐकू आला. अर्धे लोक उठून भज्यांच्या दुकानाकडे गेले. माझे पाहुणे माझ्याकडे बघू लागले, कारण पडद्यावर 'संवाद' म्हणून माझं नाव आलं होतं. मला भाऊंचा गळा धरावासा वाटला.

शेवटी नायक एसटीत बसून निघून गेला. नायिका थांब्यावर एकटी राहिली. संवाद लिहिताना मूळ सिनेमा मी पाहिला होता, तो इथंच संपतो. पण इथं एसटी थांबली. नायक उतरला, धुरळ्यातून मागं चालत आला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

पंचफुलाबाई ताडकन उठल्या. आपला आवाज किती चढतो, हे त्यांना आता समजत नाही. साऱ्या मंडईला ऐकू गेलं.

"पाहा! मी म्हणली होती नं, तो वापस येते! तुमी म्हणत होते, नाई येत!"

खिडकीतून दिसणारं ते भांडण तेव्हा मला कळलं. मराठी सिनेमा भाऊंना एकट्यालाच समजला असता. कानडी दोघांनाही सारखाच समजत नव्हता, म्हणून तो दोघांचा होता.

कुणी हसलं नाही. बाई कमरेवर हात ठेवून उत्तराची वाट बघत होत्या. कधी कुणाशी वादात माघार न घेतलेल्या तुळशीरामभाऊंनी, भरल्या मंडईत, बायकोपुढं दोन्ही कान पकडले.