घरच्या शाळेला नाताळची सुट्टी न्हाय!

"सुट्टी कसली डोंबलाची? नाताळ हाच अभ्यास!" डिसेंबर लागला तसं स्नेहलनं जाहीर करून टाकलं. दहा वर्षांच्या अनुजाला घरीच शिकवायचं खूळ तिनं जूनमध्ये घेतलं, आणि आता तर त्याला भरतं आलं होतं. चांदणी बांधताना भूमिती, गाणी म्हणताना पाठांतर, करंज्या करताना विज्ञान!

"आक्का नाताळात परीक्षा घेणार हाय, ध्यानात हाय न्हवं?" नवरा विश्वजित म्हणाला. आक्का म्हणजे त्याची आई, जयसिंगपूरच्या निवृत्त मुख्याध्यापिका. पोरगी नापास झाली तर जानेवारीत गुमान शाळेत, असं त्यांनी बजावलं होतं.

"घेऊ देत की! माझी पोरगी त्यांनाच शिकवून पाठवंल!"

करंज्यांच्या दिवशी स्नेहलनं धडा दिला. "दोन गट करायचे. एकात बदल करायचा, दुसरा तसाच ठेवायचा. आणि ज्याच्यावर प्रयोग, त्याला आधी सांगायचं न्हाई!" एवढं बोलून बाई चर्चच्या सजावटीला पळाल्या. सारण भरायचं काम अनुजाकडं.

नाताळची उपासना झाली, फराळाची ताटं गल्लीत गेली. थोड्याच वेळात शेजारच्या सलिमाभाभी आल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी!

"करंज्या... लई भारी झाल्यात गं!"

स्नेहलला भरून आलं. केवढी ही माया! मागोमाग घरमालक बाळासो नाक पुसत आले. "वहिनी, असली करंजी जन्मात खाल्ली न्हवती!" मग चर्चचे पाळकसाहेब आले. त्यांनी एक करंजी तोंडात टाकली, प्रार्थनेला डोळे मिटले, पण गाडी "हे प्रभो... हे प्रभो..." याच्या पुढं सरकंना.

"किती तल्लीन झालेत!" स्नेहल कुजबुजली.

पाळकसाहेब तांब्याभर पाणी पिऊन गेले, तशी अनुजा नाचत आली. "आई, प्रयोग जमला! तिघंबी रडले, पण खरं कुणीच बोललं न्हाई!"

"कसला प्रयोग?"

"अर्ध्या करंज्यांत कांदा-लसणाची चटणी भरलीया की!"

स्नेहलनं कपाळावर हात मारला. गेली घरची शाळा! आणि तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. आक्का उतरल्या, खुर्चीत बसल्या, आणि हात थेट ताटात!

"आक्का, ती नको!"

"सणादिवशी सासूला करंजी नको?" म्हणत त्यांनी निम्मी करंजी मटकावली. कान लाल झाले. नाक लाल झालं. स्नेहल मनातल्या मनात देवाचा धावा करू लागली.

"कशी झालीया, आज्जी?" अनुजानं विचारलं.

"भिकार!" आक्का गरजल्या. "पाणी आण, मेले!"

"खरं बोलणारी आज्जी एकटीच सापडली!" अनुजानं उडीच मारली. मग गट, बदल, निष्कर्ष, सगळं घडाघडा सांगितलं. आक्का आधी ठसकल्या, मग हसल्या, मग दोन्ही एकदम करायला लागल्या.

"जन्म गेला शाळेत, पण असलं धीट पोरगं बघितलं न्हाई! पास! शिकू दे घरातच!"

स्नेहलला आनंदानं रडूच फुटलं. जिंकली की बाई!

"फक्त," आक्का डोळे पुसत म्हणाल्या, "वर्ग सोडून पळणारी शिक्षिका असली की असंच व्हतंय. शाळेला मुख्याध्यापक पायजे. विश्वा, रिक्षातली ट्रंक आत घे. मी आता हितंच राहणार! आणि स्नेहल, उद्या सात वाजता तुझा धडा मागं बसून बघणार हाय."

स्नेहल ताडकन उभी राहिली. तिच्या तोंडून आपसूक निघालं, "व्हय, बाई!"