धुरळ्याचा दाखला

बांधकामाच्या साइटवर परीटघडीचा पांढराशुभ्र शर्ट घालून येणारा माणूस एक तर पुढारी असतो, नाही तर वाट चुकलेला नवरदेव. चौगुले साहेब दोन्ही नव्हते. नवी वसाहत उभी राहताना हवा किती खराब होईल हे तपासून परवानगी द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. कागदावर त्या परवानगीचं नाव चांगलं दोन ओळींचं. आम्ही बिल्डरांकडची माणसं तिला 'धुरळ्याचा दाखला' म्हणायचो.

साहेब जीपमधून उतरायचे, साइटच्या बरोब्बर मधोमध जाऊन दोन्ही हात पसरायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे, दोरीवर वाळत घातल्यासारखे. खडीचा डंपर त्यांना वळसा घालून जायचा. धूळ मोजायचं यंत्र तिकडे कोपऱ्यात चालू असायचं, पण साहेबांचा खरा भरवसा शर्टावर. थोड्या वेळाने ते कॉलर उलटी करून माझ्या नाकासमोर धरायचे.

"वाचा, पावणं. काय लिवलंय?"

"काही नाही साहेब, थोडी धूळ..."

"थोडी? मशीन येकांद्या वक्ती चुकंल, कॉलर न्हाय चुकायची!"

मी तेव्हा कोल्हापुरात रत्नागिरी रस्त्याकडच्या एका प्रकल्पावर इंजिनिअर होतो. आमचा पहिला अर्ज साहेबांनी परत पाठवला, कारण वाळू उघडी होती. मालकांनी त्यांना मटणाच्या जेवणाचं आमंत्रण दिलं. साहेब म्हणाले, "आदी वाळूवर झाकण घाला, मग मटनावरचं काढा." दुसऱ्या खेपेला त्यांना धूळ अडवायची हिरवी जाळी फक्त रस्त्याच्या बाजूला दिसली.

"आन् वारं काय रस्त्यानं सिग्नल बगून येतंय व्हय?"

दाखल्यावाचून काम ठप्प. मालक माझ्यावर खेकसायचे आणि मी साहेबांच्या ड्रायव्हरसमोर चडफडायचो. एकदा वैतागून म्हणालो, "असल्या माणसाला घरातले तरी कसे सहन करतात?"

ड्रायव्हरने चहाचा कप खाली ठेवला. "घरात हाय कोण, साहेब?"

मग त्याने सांगितलं. बदली होऊन साहेब कोल्हापूरला आले, तेव्हा वहिनीही बरोबर आल्या होत्या. भाड्याच्या घराला लागूनच इमारत उठत होती. वहिनींना मुळात दमा. त्या धुळीत त्यांची अशी अवस्था झाली की बोलताना वाक्य पुरं होईना. डॉक्टरांनी धुळीपासून लांब राहायला सांगितलं, म्हणून त्या आजऱ्याला माहेरी गेल्या आणि तिथेच राहिल्या. साहेबांनी बदली मागावी, तर आजऱ्यात त्यांच्या खात्याचं ऑफिसच नाही.

"सुट्टीला गेलं की दर वक्ती इचारत्यात, येतीस का म्हनून. त्या म्हनत्यात, बगू. नुसतं बगू!"

मला फार वाईट वाटलं. त्या आठवड्यात मी जाळी चारी बाजूंनी लावली, वाळूवर ताडपत्री टाकली, पाणी मारायला टँकर बांधून घेतला. गाड्यांची चाकं धुतल्याशिवाय गेट उघडेना. साहेब आले, हात पसरून उभे राहिले, कॉलर बघितली आणि "बरी हाय" म्हणाले. दाखला मिळाला.

पुढे एका रविवारी ते परत हजर. अंगात चौकड्यांचा शर्ट, हातात कापडी पिशवी. वॉचमनने ओळखलंच नाही, गेटवरच अडवलं. आता हा माणूस दाखला परत नेतोय, असं वाटून मी गेटकडे धावलो. तेवढ्यात त्यांच्या मागून नाकाला पदर लावलेल्या एक बारक्याशा बाई दिसल्या.

"आजऱ्यास्नं आल्यात, येका दिसापुरत्या," साहेब म्हणाले. "तासभर बसवतो हितं."

"अहो साहेब, रंकाळ्याचा काठ सोडून वहिनींना खडीच्या ढिगाजवळ?"

"मी बी त्येच म्हनलं!" पदराआडून आवाज आला.

"रंकाळ्यावर कुनालाबी बरं वाटतंय," साहेब म्हणाले. "हितं जमलं तर कोल्हापुरात कुटंबी जमंल."

मी खुर्ची दिली. टँकर फिरवला. डंपर आला, रिकामा होऊन गेला. साहेब वहिनींच्या तोंडाकडे टक लावून उभे. दाखल्यासाठी आलेल्या बिल्डरांतही इतका घाबरलेला माणूस मी बघितला नव्हता. हळूहळू वहिनींनी पदर खाली घेतला. मग त्या बोलायला लागल्या. स्वयंपाकघराला खिडकी कुठल्या अंगाला ठेवलीय, गच्चीवर मिरच्या वाळवता येतील का, ह्यांनी तब्येतीचं काय करून घेतलंय, सगळं एका दमात. खोकला एकदाही नाही.

"आन् अवो," शेवटी त्या म्हणाल्या, "ती पिशवी जरा नीट धरा की. आजऱ्याचं काजू न्हाईत त्येच्यात. माज्या साड्या हाईत. दिवाळीपतूर बगते ऱ्हाऊन."

साहेबांनी पिशवीकडे बघितलं. मग आमच्याकडे पाठ करून ते ताडपत्री घातलेल्या वाळूच्या ढिगापाशी गेले आणि खिशातून फोन काढला. साऱ्या साइटला ऐकू जाईल असं बोलणारा माणूस अगदी हळू बोलत होता.

"मावशी, उद्यापास्नं माजा डबा नगो. न्हाय, न्हाय, गावाला न्हाय चाललो. मंडळी आल्यात घरात."

खानावळीच्या मावशींना ऐकू गेलं नसावं. साहेबांनी तेच पुन्हा सांगितलं. मग कुणी विचारलेलं नसतानाही आणखी एकदा सांगितलं.