ग्रहणाची आंघोळ

कालव्यावरचे साहेब बदली होऊन निघाले, तेव्हा त्यांनी कन्हेरीच्या आबासाहेबांना काचेची पेटी देऊन टाकली. आत बोटाएवढे मिशावाले मासे. कुणाच्या अध्यात ना मध्यात, तळाची वाळू हुंगत फिरायचे. आबासाहेबांचा त्यांच्यावर जीव जडला. पण पणदऱ्याचे व्याही बापूसाहेब, त्यांचाही पेटीवर डोळा होता.

"घट बसायच्या दिवसापातुर पिल्लं झाली तर पेटी तुमची, न्हायतर माझी," ते म्हणाले. आबासाहेब भरात येऊन "व्हय" म्हणून बसले.

आबासाहेबांचा जन्म मेंढरांत गेलेला. गाभण मेंढरू जागा बदलली की बिथरतं, एवढं त्यांना ठाऊक. त्यांनी घरात ताकीद दिली, पेटीच्या पाण्याला हात लावायचा नाही. पाणी हिरवंगार झालं.

"मासं दिसंनात की वो," त्यांच्या कारभारीण गोजरबाई म्हणाल्या.

"दिसू नगंत. लाजत्यात ती."

घट बसायच्या आदल्या दिवशी, अमावस्येला, भर दुपारी ग्रहण लागलं. आबासाहेब इंदापूरला पाहुण्यांकडे गेलेले. ग्रहण सुटताच गोजरबाईंनी रीतीप्रमाणे घरातलं साठवणीचं पाणी ओतून दिलं. हंडे झाले, रांजण झाला, राहिली पेटी. मासे मडक्यात काढून त्यांनी तीही रिकामी केली, काच घासून लख्ख केली आणि विहिरीचं गार पाणी भरलं.

संध्याकाळी आबासाहेब दारातच थबकले. "पाणी कुणी बदाललं?"

"मी. गिऱ्हान सुटल्यावर आपण अंघूळ करायची, आन् त्यांनी पारोसंच बसायचं व्हय?"

आबासाहेब न जेवताच झोपले.

सकाळी बापूसाहेब गाडीत कडबा अंथरूनच आले. पेटी द्यायची तर नीट द्यावी, म्हणून गोजरबाईंनी फडकं घेतलं. "ह्ये काय साबुदाण्यागत चिकाटलंय काचंला? पुसून देते."

आबासाहेबांनी झेप घेऊन त्यांचा हात धरला. "अगं, अंडी हायती ती!"

बापूसाहेबांनी काचेला नाक लावलं. "अंडी हायती. पिल्लं कुठं हायती?"

"खुडूक बसल्याली कोंबडी कुणी दुसऱ्याच्या घरी धाडतं का, बापूसाहेब?"

बापूसाहेब हसले. "पर साधलं कसं तुमाला?"

"मेंढरागत निवांत ठिवली. पाण्याला हात म्हणून लावू दिला न्हाय."

गोजरबाई फडकं पिळत राहिल्या.

कडबा घेऊन रिकामी गाडी पणदऱ्याकडे वळली. ती दिसेनाशी होईपर्यंत आबासाहेब ओट्यावर उभे होते. मग आत येऊन चुलीपाशी टेकले आणि हळूच म्हणाले, "अगं, पुढचं गिऱ्हान कवा हाय?"